रंगाऱ्याची निवड
पावसाळा सरला, की कुक्षीसारख्या गावी दिवाळीपूर्वी रंगाऱ्याचा शोध सुरू होतो. दर विचारण्याआधी त्याने दोन वर्षांपूर्वी रंगविलेले घर पाहावे. नव्या रंगाची झळाळी फसवी असते. ओलसर भिंतीवर तैलरंग फुगून सुटतो. म्हणून भिंत सुकेपर्यंत थांबावयास सांगणारा रंगारीच जाणता समजावा. लांबी, अस्तर, रंगाचे हात किती व सामान कोणाचे, हे लिहून घ्यावे. मजुरी टप्प्याटप्प्याने द्यावी. घरगुती रंगांत शिसे दशलक्ष भागांत ९० भागांहून अधिक नसावे, असा नियम २०१७ पासून लागू आहे. त्याआधीच्या रंगात ते पुष्कळ असू शकते, आणि त्याची धूळ बालकांच्या मेंदूस घातक ठरते. यास्तव जुना रंग कोरडा खरवडू देऊ नये. पाणी शिंपडून काढावा, मुलांना दूर ठेवावे आणि भिंत पुन्हा सुकू द्यावी. ही खबरदारी स्वतःहून घेणाऱ्या रंगाऱ्यास चार पैसे अधिक देणे उचितच होय.