फायबरची बग्गी : आधी सांगाडा, मग साज

बग्गी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर येते ती लग्नाच्या वरातीतली, घोडे जुंपलेली आणि दिव्यांनी सजवलेली. आज आपण ज्या बग्गीविषयी बोलणार आहोत तिला घोडे नसतात, छप्पर नसते आणि दारेही नसतात. मागे उघडे इंजिन, रुंद फुगीर टायर आणि वर होडीसारखी दिसणारी रंगीत फायबरची बॉडी, अशी ही गाडी वाळूच्या टेकड्यांवर पळवण्यासाठी जन्माला आली. तिला ड्यून बग्गी म्हणतात. परदेशात तिचे सुटे भाग संचाच्या रूपात मिळतात आणि हौशी माणसे ते घरच्या अंगणात जोडतात. मोबाइलवर असे व्हिडिओ पाहून आपल्या नांदेड-लातूरकडच्या मुलांनाही वाटते, की हे आपल्याला का जमू नये? ट्रॉल्या बांधणारे वेल्डर आपल्याकडे आहेत, जुन्या गाडीचे इंजिन भंगारात मिळते, फायबरचे काम करणारे कारागीरही सापडतात. प्रश्न रास्त आहे. पण त्याचे उत्तर शोधण्याआधी ही गाडी मुळात कशी उभी राहिली, ते पाहायला हवे.

कॅलिफोर्नियातले ब्रूस मेयर्स होड्या बांधण्याच्या कामात फायबरग्लास हाताळायला शिकले. १९६४ मध्ये त्यांनी आपली पहिली बग्गी तयार केली. 'मेयर्स मँक्स' या नावाने ती पुढे प्रसिद्ध झाली. पहिल्या काही गाड्यांमध्ये फायबरची बॉडीच गाडीचा मुख्य आधार होती. पण ते काम खर्चाचे होते. म्हणून मेयर्स यांनी रचना बदलली आणि फोक्सवॅगन बीटल या मोटारीचा खालचा सांगाडा घेऊन त्यावर फायबरची बॉडी बसवायला सुरुवात केली. एप्रिल १९६७ मध्ये मेयर्स आणि त्यांचे सहकारी टेड मँगल्स यांनी मेक्सिकोतील ला पाझ ते तिहुआना हा खडतर प्रवास ३४ तास ४५ मिनिटांत पूर्ण केला आणि मोटारसायकलस्वारांचा विक्रम मोडला. त्यानंतर मागणी इतकी वाढली, की नकलांचा सुळसुळाट झाला. पेटंटची लढाई मेयर्स न्यायालयात हरले आणि त्यांनी धंदा सोडला. २०२१ मध्ये, वयाच्या ९४ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

या यशाचे श्रेय फायबरला दिले जाते. खरे श्रेय मात्र खालच्या बीटलला आहे. बीटलची वरची पत्र्याची बॉडी बोल्ट काढले की उचलून बाजूला ठेवता येते. खाली उरतो तो सपाट सांगाडा. चाके, स्टिअरिंग, ब्रेक, इंजिन सगळे त्याच्यावरच असते. इंजिन मागे, हवेने थंड होणारे, आणि ताकद मागच्याच चाकांना. त्यामुळे वजन नेमके त्या चाकांवर पडते आणि वाळूत पकड मिळते. मेयर्स यांच्या संचासाठी हा सांगाडा मधून साडेचौदा इंच कापून पुन्हा जोडावा लागे. गाडी आखूड झाली, की टेकडीच्या माथ्यावर तिचे पोट टेकत नाही. संपूर्ण जोडणीत सगळ्यात जोखमीचे काम हेच, कारण या एका वेल्डवर बसणाऱ्याचा जीव अवलंबून असतो.

आपल्याकडे अडचण सुरू होते ती इथेच. आपल्याकडे भंगारात सहज मिळणारी छोटी गाडी म्हणजे मारुती ८००. डिसेंबर १९८३ मध्ये ती आली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. या गाडीला वेगळा सांगाडा नाही. तिची पत्र्याची बॉडी हाच तिचा सांगाडा. ओम्नीचे तसेच आणि मागे इंजिन असलेल्या नॅनोचेही तसेच. वरचा पत्रा कापून काढला, की खाली जे उरते त्यात जीव नसतो. त्यावर कितीही सुबक फायबर बसवले, तरी पहिल्या मोठ्या खड्ड्यात गाडी मधून वाकणार.

लातूरकरांना हे वेगळे सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात दोन-दोन, तीन-तीन फूट जाडीच्या भिंती कोसळल्या. भिंती जाड होत्या, पण त्यातले दगड एकमेकांना बांधलेले नव्हते. मजबुती जाडीत नसते, ती बांधणीत असते. हाच नियम गाडीला लागू आहे.

म्हणून आपल्याकडे बग्गी करायची, तर आधी लोखंडी नळ्यांचा सांगाडा लागतो आणि त्याच्याच जोडीला बसणाऱ्यांच्या डोक्यावरून जाणारा पिंजरा लागतो. नळी कोणती घ्यावी याचा चांगला दाखला अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी होणाऱ्या बाहा स्पर्धेत मिळतो. ही स्पर्धा भारतात २००७ मध्ये इंदूरजवळच्या पीथमपूर येथे सुरू झाली. तिथे मुले स्वतःच्या हाताने एका माणसाची, ओबडधोबड रस्त्यावर चालणारी गाडी बांधतात. पिंजऱ्याच्या मुख्य भागासाठी साधारण एक इंच व्यासाची, तीन मिलिमीटर जाडीची आणि ठरावीक कार्बन असलेली पोलादी नळी, किंवा तितकीच ताकद देणारी दुसरी, असा तिथला दंडक आहे. फाटकाला किंवा मंडपाला वापरतात ती पातळ नळी इथे चालत नाही. दिसायला दोन्ही सारख्याच, पण गाडी उलटली की फरक कळतो.

आता फायबरकडे वळू. ज्याला आपण फायबर म्हणतो ती काचेच्या तंतूंची चटई आणि रेझिन यांची जोडगोळी आहे. साच्याला मेण लावायचे, त्यावर रंगाचा जेलकोट द्यायचा, तो चिकटसर झाला की चटईचे थर रेझिनमध्ये भिजवत बसवायचे आणि रोलर फिरवून आतली हवा काढायची. चटईच्या वजनाच्या दुप्पट ते अडीचपट रेझिन लागते. रेझिन जास्त ओतले म्हणजे काम मजबूत होते, हा गैरसमज आहे. ताकद काचेच्या तंतूंची असते, रेझिन फक्त त्यांना धरून ठेवते. जास्त रेझिनचा भाग ठिसूळ होतो आणि तडकतो.

रेझिन घट्ट होण्यासाठी त्यात दोन द्रव्ये लागतात, कोबाल्ट आणि हार्डनर. ही दोन द्रव्ये एकमेकांत थेट कधीही मिसळू नयेत. तसे केल्यास भडका उडतो, स्फोटही होऊ शकतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचे आणि नंतरच हार्डनर घालायचे. बऱ्याच रेझिनमध्ये कोबाल्ट आधीच घातलेले असते, तेव्हा विकत घेतानाच विचारावे. हार्डनरचा एक थेंब डोळ्यात गेला तरी दृष्टी जाऊ शकते, म्हणून चष्मा हवाच. नाकाला रुमाल बांधून रेझिनची वाफ अडत नाही. त्यासाठी रसायनांच्या वाफेचा मास्क मिळतो, तोच वापरावा आणि काम मोकळ्या हवेत करावे. हार्डनर लागलेल्या चिंध्या कोपऱ्यात ढीग करून ठेवू नयेत, त्या पेट घेऊ शकतात.

आपल्या हवेचाही विचार हवा. मराठवाड्याच्या मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. अशा उन्हात रेझिन मगातच गरम होऊन धुमसू लागते आणि रोलर फिरवायला वेळच मिळत नाही. पावसाळ्यात दमटपणा शिरून थर नीट पकडत नाहीत. म्हणून हे काम हिवाळ्यात, उन्हाळ्यात करायचेच तर भल्या सकाळी, थोडे थोडे रेझिन कालवून करावे.

तयार बॉडी सांगाड्यावर बसवताना तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पहिली, भोके पाडण्याआधी सगळे भाग एकदा नुसते ठेवून पाहावेत. फायबरला ओढूनताणून बसवले, की भोकापासून तडा जातो. बोल्टखाली रबर आणि मोठा वॉशर हवा, म्हणजे दाब पसरतो. दुसरी, सीट बेल्ट, सीट आणि पिंजरा यांचे बोल्ट थेट लोखंडी सांगाड्यात जायला हवेत. फायबरमध्ये अडकवलेला पट्टा धक्क्यासरशी फायबरचा तुकडा घेऊन बाहेर येतो. तिसरी गोष्ट बऱ्याच मेकॅनिकनाही चकवते. पत्र्याच्या गाडीत बॉडीच विजेची अर्थिंग असते. फायबरमधून वीज वाहत नाही. त्यामुळे प्रत्येक दिव्याला, हॉर्नला आणि पेट्रोलच्या काट्याला अर्थची वेगळी वायर सांगाड्यापर्यंत न्यावी लागते. सगळे जोडूनही दिवे लागत नाहीत, तेव्हा कारण बहुधा हेच असते. स्टिअरिंगचा दांडा आणि ब्रेकचे पाइप मात्र घरी वेल्ड करू नयेत. ते भाग बनवलेलेच, पूर्ण आणि तपासलेले घ्यावेत.

समजा, हे सगळे नीट जमले. मग गाडी चालवायची कुठे?

आपल्याकडे वाळूच्या टेकड्या नाहीत. आपली जमीन काळी. कमी हवा भरलेला रुंद टायर उंटाच्या पायासारखा पसरतो आणि कोरड्या वाळूत रुतत नाही. ओल्या काळ्या मातीत मात्र चिखल टायरच्या खाचांत गच्च बसतो आणि टायर गुळगुळीत होऊन जागीच फिरतो. रस्त्याचे म्हणाल, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ३९ नुसार नोंदणीशिवाय वाहन सार्वजनिक जागी चालवता येत नाही. सार्वजनिक जागा म्हणजे फक्त डांबरी रस्ता नव्हे. जिथे लोकांना जाण्या-येण्याचा हक्क आहे ती प्रत्येक जागा त्यात येते, गावची पाणंदही येते.

काही जण म्हणतात, जुन्या मारुतीचे एमएच-२४ किंवा एमएच-२६ चे आरसी बुक आहे, तोच नंबर लावू. कलम ५२ ला ते मान्य नाही. कारखान्याने नोंदवलेल्या तपशिलाशी न जुळणारा बदल करता येत नाही आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपयांपर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकते. नव्या वाहनाचा नमुना पुण्याची एआरएआय किंवा अहिल्यानगरची व्हीआरडीई अशा संस्थांकडून तपासून घ्यावा लागतो. ती वाट कारखानदाराची आहे. ब्रिटनमध्ये घरी बांधलेली एकच गाडी तपासून मान्यता देण्याची सोय आहे, तशी सोपी वाट आपल्याकडे नाही.

याचा चांगला दाखला सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे गावचा आहे. यशवंतराव चव्हाणांचे हे जन्मगाव. तिथले दत्तात्रय लोहार यांनी भंगारातील भागांपासून सुमारे साठ हजार रुपयांत छोटी जीप बांधली. ती दुचाकीसारखी किक मारून सुरू होई. डिसेंबर २०२१ मध्ये उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी तिचे जाहीर कौतुक केले. पण ही गाडी नियमांत बसत नसल्याने अधिकारी आज ना उद्या ती अडवतील, हेही सांगितले आणि तिच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये ती लोहार कुटुंबाला मिळाली. कौतुक कारागिरीचे झाले, रस्त्यावर फिरण्याचा परवाना मात्र त्या कौतुकाने मिळाला नाही. आणि प्रत्येकाच्या दारात बोलेरो येत नाही.

नियम म्हणजे नुसता कागद नव्हे. नोंदणी नाही तर विमा नाही. विमा नसताना कोणाला धक्का लागला, तर भरपाई मालकाच्या खिशातून जाते आणि शेतकऱ्याचा खिसा म्हणजे त्याची जमीन. चालवणारा अठराच्या आतला असेल, तर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजारांचा दंड होऊ शकतो.

मग मुलांनी हा नाद सोडावा का? मुळीच नाही. कुंपण घातलेले स्वतःचे रान असेल, तर तिथे, मोठ्यांच्या देखरेखीखाली, हेल्मेट आणि पट्टा लावून ही हौस पुरवता येते. त्याहून चांगली वाट महाविद्यालयाची आहे. नांदेडला विष्णुपुरी येथे १९८१ पासून श्री गुरू गोविंदसिंहजी अभियांत्रिकी संस्था आहे, दोन्ही जिल्ह्यांत आयटीआय आहेत. बाहासारख्या स्पर्धेत गाडीचा आराखडा, वेल्ड, ब्रेक सगळे जाणकार तपासतात, आणि मगच ती धावते. चूक तिथे कागदावरच पकडली जाते.

तेव्हा फायबरच्या चकचकीत बॉडीसाठी पैसे मोजण्याआधी घरातल्या मुलाला दोनच प्रश्न विचारा. खालचा सांगाडा कोणी तपासणार? आणि गाडी कुठे चालणार? दोन्हींची उत्तरे तयार असतील, तर खुशाल रेझिन कालवायला घ्या. घोड्यांच्या बग्गीतही आधी आरा आणि धाव पाहतात, झुली आणि गोंडे मागून चढतात.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)