जुना संगणक भंगारात काढू नका

आपल्या बऱ्याच घरांत एक जुना डेस्कटॉप धूळ खात पडलेला असतो. विंडोज १० चे नियमित मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले आणि विंडोज ११ अशा अनेक संगणकांवर चालत नाही. म्हणून तो भंगारात काढायचा विचार होतो. घरातल्या मुलीला वेबसाइट बनवायला शिकायची असेल, तर तोच संगणक पुरेसा आहे, असे आम्हांला वाटते.

हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवून रॅम ८ जीबी केली, की वेग चांगलाच वाढतो. लिनक्स मिंट मोफत मिळते. ते टाकण्याआधी घरचे फोटो आणि कागदपत्रे पेनड्राइव्हवर घ्यावीत, कारण डिस्क पुसली जाऊ शकते.

मुलांनी बनवलेले पान बिघडले, तर ब्राउझरमध्ये एफ १२ दाबावे. 'कन्सोल'मध्ये चुकीचा संदेश लाल रंगात दिसतो; सोबत बहुधा फाइलचे नाव आणि ओळीचा क्रमांकही असतो. बदल करूनही जुनेच पान दिसले, तर कंट्रोल आणि एफ ५ एकत्र दाबावे. मराठीऐवजी विचित्र चिन्हे उमटली, तर पानाच्या सुरुवातीला यूटीएफ-८ लिहिले आहे का, ते पाहावे. उर्दू मजकुराला 'आरटीएल' ही दिशा द्यावी. विंडोजवर दिसणारे चित्र लिनक्सवर गायब झाले, तर फाइलच्या नावातली मोठी-लहान इंग्रजी अक्षरे तपासावीत. लिनक्स त्यांना वेगवेगळी मानते.

एका वेळी एकच बदल करावा आणि तो वहीत लिहावा. ही सवय लागली, की मुलांना प्रत्येक बिघाडासाठी दुसऱ्याच्या दारी जावे लागत नाही.