पक्षी आणि कॅमेरा यांमधले अंतर

पक्ष्यांचे छायाचित्रण हा छंद आता फारसा दुर्मीळ राहिलेला नाही. शाळेतल्या दहा मुलांना विचारले तर एकदोघांनी तरी कावळ्याचा, पोपटाचा किंवा घारीचा फोटो काढलेला असतो. फोटो पाहिला की मात्र बहुधा निराशाच पदरी पडते. डोळ्यांना झाडावरचा तांबट स्पष्ट दिसला होता. चित्रात पानांच्या गर्दीत एक हिरवट ठिपका उरलेला असतो. मग निष्कर्ष निघतो की मोठे भिंग हवे, महागडा कॅमेरा हवा. हा निष्कर्ष कितपत खरा आहे? या प्रश्नाचे उत्तर शोधताना थोडे प्रकाशशास्त्र लागते, थोडे प्राणिशास्त्र लागते आणि मुंबईकरांसाठी थोडा समुद्रही लागतो.

बंदुकीपासून कॅमेऱ्यापर्यंत

पक्ष्याच्या जवळ जाण्याचा प्रश्न कॅमेऱ्याहून जुना आहे. एकोणिसाव्या शतकात पक्षी ओळखण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे तो मारून हातात घेणे. गिरगावालगतच्या खेतवाडीत लहानाचे मोठे झालेले सालिम अली पक्षिशास्त्राकडे वळले तेही अशाच एका पक्ष्यामुळे. १९०८ साली त्यांनी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी टिपली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कोणती चिमणी, हे विचारायला ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत (स्थापना १८८३) गेले. तेथील मानद सचिव मिलर्ड यांनी ती पीतकंठी चिमणी असल्याचे सांगितले आणि संस्थेतला पेंढा भरलेल्या पक्ष्यांचा संग्रहही दाखवला. पुढचा इतिहास सर्वांना माहीत आहे.

त्याच सुमारास दुसरी वाट तयार होत होती. इंग्लंडमधील रिचर्ड आणि चेरी कीर्टन या भावांनी १८९५ साली पक्ष्यांच्या घरट्यांवर एक पुस्तक काढले. त्यातली सर्व चित्रे निसर्गात प्रत्यक्ष काढलेली छायाचित्रे होती. त्यांचे कॅमेरे अवजड होते आणि काचेच्या पट्ट्या मंद होत्या. मग त्यांनी बैलाचे कातडे सांगाड्यावर चढवून पोकळ बैल केला आणि त्याच्या पोटात कॅमेरा घेऊन ते उभे राहू लागले. गुरांना सरावलेले पक्षी या बैलाकडे दुर्लक्ष करीत.

मुंबईतही ही वाट पोचली. दुसऱ्या महायुद्धात सिंगापूर पडल्यावर तेथील चित्रपटगृहांचे मालक लोक वान थो मुंबईत आले. सालिम अलींबरोबर त्यांनी पक्ष्यांच्या शोधात दौरे केले आणि पक्ष्यांची उत्तम छायाचित्रे काढली. बंदूक अंतर नाहीसे करते, पण पक्षीही नाहीसा करते. कॅमेऱ्याला अंतर राखूनच काम करावे लागते. म्हणून या छंदातले पहिले शास्त्र अंतराचे आहे.

अंतराचे गणित

दहावीच्या प्रकाशाच्या धड्यातले एक सोपे सूत्र येथे उपयोगी पडते. वस्तू पुरेशी दूर असेल तर प्रतिमेची उंची ही वस्तूची उंची गुणिले भिंगाचे नाभीय अंतर भागिले वस्तूचे अंतर इतकी असते.

शिवडीच्या चिखलात उभा असलेला लहान रोहित (फ्लेमिंगो) घेऊ. त्याची उंची साधारण ९० सेंटिमीटर आणि तो १८० मीटरवर आहे असे समजा. आपल्याकडे ४०० मिलिमीटर नाभीय अंतराचे, म्हणजे बऱ्यापैकी मोठे भिंग आहे. ०.९ गुणिले ४०० भागिले १८० म्हणजे २ मिलिमीटर. फिल्मची चौकट ३६ बाय २४ मिलिमीटरची असे आणि आजच्या अनेक डिजिटल कॅमेऱ्यांतला सेन्सरही तेवढाच असतो. म्हणजे आपला रोहित चौकटीच्या उंचीचा फक्त बारावा भाग व्यापतो. सेन्सरवर उभ्या रेषेत ४००० ठिपके असतील तर पक्ष्याच्या वाट्याला जेमतेम ३३३ येतात. मोबाईलच्या साध्या भिंगाचे नाभीय अंतर ६-७ मिलिमीटर असते. तेथे हाच पक्षी डझनभर ठिपक्यांत संपतो. डोळ्यांना मात्र तो ‘दिसला’ होता, कारण मेंदू पक्ष्याकडे लक्ष देतो आणि भोवतालचे सोडून देतो. कॅमेऱ्याला अशी निवड करता येत नाही.

आता सूत्राकडे पुन्हा पाहा. प्रतिमा दुप्पट करण्याचे दोन मार्ग आहेत. नाभीय अंतर ८०० मिलिमीटर करा, किंवा १८० मीटरचे अंतर ९० करा. दोन्हींनी प्रतिमेची उंची दुप्पट आणि क्षेत्रफळ चौपट होईल. पण हे दोन मार्ग सारखे नाहीत. नाभीय अंतर वाढले की पक्ष्याबरोबर हाताची थरथरही तितकीच मोठी होते. भिंग जड होते, किंमत तर कितीतरी पटींनी वाढते. आणि एक दोष कोणत्याही भिंगाने जात नाही. उन्हाने तापलेल्या चिखलावर हवेचे कमीअधिक घनतेचे थर उसळत असतात. त्यांतून येणारे किरण सतत वाकतात आणि दूरचा पक्षी पाण्याखाली असल्यासारखा लहरतो. डांबरी रस्त्यावर दुपारी दिसते तीच ही गंमत. भिंग जितके मोठे, तितका हा थरथराट मोठा होऊन दिसतो. अंतर कमी झाले तर मधली हवाच कमी होते.

म्हणजे जवळ जाणे हाच उत्तम मार्ग. पण पक्षी जाऊ देईल तर ना?

पक्ष्याचे स्वतःचे गणित

प्रत्येक पक्षी धोका ओळखून एका ठरावीक अंतरावर उडतो. याला उड्डाण-अंतर म्हणता येईल. ते जातीप्रमाणे बदलते आणि अनुभवाप्रमाणेही बदलते. लालबागच्या मंडईतला कावळा माणसाला दोन हातांवर येऊ देतो. शिवडीचे रोहित बरेच आधी सावध होतात. हिवाळ्यात गिरगाव चौपाटीवर येणारे कुरव लोकांनी फेकलेल्या खाऊमुळे जवळ यायला शिकले आहेत. त्यांना फोटोसाठी फरसाण घालणे मात्र टाळावे. तेलामिठाचे ते पदार्थ मासे खाणाऱ्या पक्ष्याचे अन्न नव्हे.

उडण्याआधी पक्षी सूचना देत असतो. तो आधी चरणे थांबवतो. मग मान ताठ करून एका डोळ्याने आपल्याकडे पाहतो. नंतर पाठ फिरवून चालू लागतो, आणि शेवटी उडतो. पहिल्याच सूचनेला जो थांबतो त्याला चांगला फोटो मिळतो. सरळ रोखून चालत गेलो तर पक्षी लवकर उडतो. तिरपे, थांबत थांबत, खाली वाकून गेलो तर उशिरा.

पक्षी उडाला तर बिघडले काय, असे कोणी विचारील. लहान रोहित चोचीतल्या गाळणीने चिखलपाण्यातली सूक्ष्म शैवले गाळून खातो. त्याचा गुलाबी रंगही या अन्नातल्या कॅरोटिनॉइड रंगद्रव्यांचा. शिवडीत त्याला उथळ पाणी आणि उघडा चिखल भरती-ओहोटीच्या मधल्या काही तासांतच मिळतो. त्यात कोणी तीनदा थवा उडवला तर खाण्याचा वेळ गेला आणि उडण्यात शक्तीही गेली. उडत्या थव्याचे देखणे चित्र मिळावे म्हणून दगड मारणारे वा टाळ्या वाजवणारे हौशी लोक पक्ष्याच्या जेवणाच्या ताटावरच पाय देतात.

तिथी, भरती आणि सूर्य

मग जवळ जायचे कसे? शिवडीपुरते याचे उत्तर असे की आपण जाऊ नये, समुद्राला पक्षी आणू द्यावेत. भरतीचे पाणी चढू लागले की दूरचा चिखल आधी बुडतो आणि चरणारा थवा हळूहळू किनाऱ्याकडे सरकतो. आपण आधीच येऊन शांत बसलो असू तर अंतर आपोआप घटते.

आता सूर्य. शिवडी मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर आहे, खाडीकडे तोंड केले की आपण पूर्वेकडे पाहतो. सकाळी ऊन डोळ्यांवर येते आणि पक्षी काळी आकृती होतो. दुपारनंतर ऊन आपल्या पाठीशी असते आणि पक्ष्याचा रंग उजळतो. म्हणजे आपल्याला चढती भरती हवी तीही दुपारनंतरची. अशी केव्हा मिळेल? चंद्र रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा येतो आणि भरतीही तितकीच पुढे सरकते. यावरून कोकण किनाऱ्यावर एक ढोबळ आडाखा रूढ आहे : तिथीची पाऊणपट करावी, तितक्या वाजता पूर्ण भरती. अष्टमीला ८ ची पाऊणपट ६, म्हणजे भरती सहाच्या सुमारास पूर्ण. ओहोटी दुपारी बाराच्या सुमारास. म्हणजे अष्टमीच्या आसपास हिवाळ्यातली चार ते साडेपाचची वेळ बरी. पाणी चढत असते, ऊन पाठीशी असते आणि चिखलावरच्या हवेचा थरथराटही ओसरू लागलेला असतो. अष्टमीला भरती भांगाची असते, उधाणाची नव्हे, म्हणून पाणी संथ चढते. आडाख्यात अर्ध्या-एक तासाचा फरक पडतो. निघण्यापूर्वी छापील वेळापत्रक पाहावेच. गिरगाव चौपाटी पश्चिमेला आहे, तेथे याच न्यायाने सकाळ चांगली.

फोटोग्राफीच्या कोणत्याही दुकानात न मिळणारे हे साधन आहे, आणि ते फुकट आहे.

घरट्यापासून दूर

घरट्यावरचा पक्षी एकाच जागी पुन्हापुन्हा येतो, म्हणून पूर्वीच्या छायाचित्रकारांचा भर घरट्यांवर असे. नीट दिसावे म्हणून आडव्या येणाऱ्या फांद्या बाजूला केल्या वा तोडल्या जात. त्या फांद्या म्हणजे घरट्याचे छप्पर आणि पडदा. त्या गेल्या की पिल्लांवर ऊन येते आणि कावळ्याला वाट दिसते. आईबाप भीतीने दूर राहिले तर अंडी तापतात किंवा गारठतात. आज अनेक छायाचित्र स्पर्धा घरट्यांची चित्रे स्वीकारत नाहीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातली ‘शिकार’ या शब्दाची व्याख्या शिक्षकांनी मुलांना जरूर सांगावी. वन्य पक्ष्यांची अंडी वा घरटी यांना धक्का लावणे हेही त्या व्याख्येत बसते. हातात बंदूक नसली तरी शिकार होऊ शकते.

चित्र की पुरावा?

चौपाटीवरच्या कुरवांत दोन जाती सहज मिसळलेल्या असतात, तपकिरी डोक्याचा कुरव आणि काळ्या डोक्याचा कुरव. हिवाळ्यात दोघांचीही डोकी पांढरी, कानाशी एक गडद ठिपका. ओळखायचे कसे? प्रौढ तपकिरी डोक्याच्या कुरवाचा डोळा फिकट असतो आणि पंखाच्या काळ्या टोकात पांढरा डाग असतो. काळ्या डोक्याच्या कुरवाचा डोळा गडद आणि पंखाची पुढची कड पांढरी. उडत्या पक्ष्यात हे नजरेला सापडत नाही. फोटोत सापडते, मग तो कितीही साधा असो. जे ठरवण्यासाठी पूर्वी पक्षी मारावा लागे ते आज एका फोटोने ठरते.

यासाठी शटरचा वेग मात्र हवा. सेकंदाला १० मीटर वेगाने, २० मीटरवरून आडवा जाणारा कुरव ४०० मिलिमीटरच्या भिंगात सेकंदाला २०० मिलिमीटर सरकतो. सेकंदाच्या हजाराव्या भागातही प्रतिमा ०.२ मिलिमीटर पुसट होते. म्हणून कॅमेरा पक्ष्याबरोबर फिरवत राहावे लागते.

फोटोला पुराव्याचे मोल येते ते तारीख, वेळ, जागा आणि शक्य तर भरतीची स्थिती लिहिल्यावर. शिवडीत रोहित मोठ्या संख्येने दिसू लागले १९९० च्या दशकाच्या मध्यावर. ठाणे खाडीचा भाग २०१५ मध्ये रोहितांसाठी अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये रामसर यादीत गेला. शिवडीहून निघणारा अटल सेतू २०२४ साली वाहतुकीला खुला झाला. या काळात थवे कोठे बसत, कोठे बसेनासे झाले, हे सांगायला नोंदी असलेली साधी छायाचित्रे सुंदर पण बेतारखेच्या छायाचित्रांपेक्षा अधिक कामाची आहेत.

वर्गासाठी

डिसेंबर ते एप्रिल दर आठवड्याला एकाच जागेवरून, एकाच वेळी कुरवांचे फोटो काढावेत. मार्चनंतर काही पक्ष्यांच्या पांढऱ्या डोक्यावर तपकिरी रंग चढू लागतो. मध्य आशियातील उंच पठारांकडे परतण्याआधीची ही तयारी. कितव्या आठवड्यात किती पक्ष्यांत बदल दिसला याचा आलेख काढता येईल. समुद्र दूर असेल तर शाळेच्या गच्चीवरून घारींचे फोटो घ्यावेत. पंखांतली गळलेली आणि नव्याने उगवणारी पिसे फोटोत दिसतात. त्यांच्या खाचांवरून एकच घार काही दिवस ओळखताही येते. मोबाईल पुरतो.

प्रत्येक फोटोखाली मुलांनी आणखी एक गोष्ट लिहावी : फोटो काढल्यानंतर पक्षी काय करीत होता. ‘चरत होता’ असे उत्तर ज्या फोटोखाली येईल, तो फोटो चांगला.