चेहरा दिसला की रोमन?

शेगावात दर्शन आटोपून कचोरीच्या वासामागे निघालो होतो, तर रस्त्याकडेला जुन्या नाण्यांची पथारी. "घ्या काकाजी, रोमच्या सीझरचं हाय." पाचशे रुपये. हिरवट चकती, त्यावर नाकेला माणूस, भोवती परकी अक्षरं. मी कडेवरून नख फिरवलं. सबंध कडेने एक बारीक उंचवटा लागला. दोन साच्यांचा सांधा! रोमन टांकसाळीत तांब्या-पितळेची नाणी साधारणपणे दोन ठशांमध्ये धरून हातोड्याने ठोकत. त्यामुळे छाप एका बाजूला सरकतो, कडेला चिरा जातात, पण असा सांधा येत नाही.

चेहरा आणि परकी लिपी म्हणजे रोमन, हा आपल्याकडचा सगळ्यात मोठा गोंधळ. क्षत्रप नहपानाच्या चांदीच्या नाण्यांवर राजाचं डोकं आणि ग्रीक अक्षरं, दोन्ही आहेत. पण नाणं पक्कं इथलं. नाशिकजवळ जोगळटेंभीला 1906 मध्ये अशी तेरा हजारांवर नाणी निघाली आणि त्यांतल्या बहुसंख्य नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप मारलेला होता.

वऱ्हाडात हलक्या धातूचं प्राचीन नाणं निघालंच, तर ते सातवाहनांचं असण्याचा संभव फार. अकोल्यापलीकडे, आताच्या वाशीम जिल्ह्यात, तऱ्हाळ्याला 1939 मध्ये त्यांच्या पोटीन नाण्यांचा मोठा साठा सापडला. पोटीन म्हणजे तांबं, कथील, शिसं यांचं मिश्रण. एका बाजूला सोंड उचललेला हत्ती आणि ब्राह्मी अक्षरं, दुसरीकडे चार वर्तुळं जोडणारी फुली. इतिहाससंशोधक वा. वि. मिराशींनी ती वाचली, तेव्हा पुराणांच्या याद्यांतही नसलेले राजे हाती लागले. मला विचाराल तर कुठल्याही सीझरपेक्षा हा हत्ती भारी.

रोमहून भारतात आलं ते मुख्यतः सोनं आणि चांदी. तिथली तांब्याची नाणी सापडतात ती बहुतेक तमिळनाडू आणि श्रीलंकेत. तीही चौथ्या-पाचव्या शतकातली, नखाएवढी, झिजलेली.

खरं रोमन नाणं समोर आलंच, तर 'सीझर' वाचून ज्युलियस समजू नका. पुढे ती पदवीच झाली, 'ऑगस्टस'ही तसंच. सनही शोधू नका, तो सहसा नसतोच. काळ कळतो तो राजाच्या नावावरून आणि पदांच्या आकड्यांवरून. तांब्याच्या नाण्यावर 'एस सी' ही रोमन अक्षरजोडी ठळक असेल, तर ते सहसा तिसऱ्या शतकाच्या उत्तरार्धापूर्वीचं. तिचा अर्थ, सेनेटच्या ठरावाने.

आणि चिंच-मीठ लावून घासू नका हो! देव्हाऱ्यातल्या तांब्यासाठी ते ठीक. नाण्यावरचा हिरवा थर गेला की त्याबरोबर अक्षरंही जातात.

शेतात नाणी निघाली, तर 1878 चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडलेला ऐवज दहा रुपयांहून जास्त किमतीचा असेल, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. आणि हो, शेगावचा तो पथारीवाला शेवटी पन्नासवर आला होता.