डोळ्यांचे धोके आणि कष्टाचे शहर : मीरा-भाईंदर

ठाणे जिल्ह्यातील मीरा-भाईंदर २००२ साली महानगरपालिका झाले आणि २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या आठ लाखांवर गेली. तरीही मिठागरांचा जुना व्यवसाय, उत्तनची मासेमारी आणि भाईंदर पूर्वेतील स्टीलच्या भांड्यांचे कारखाने यांमुळे विकसनशील देशातील नेत्ररोगांची जुनी व नवी कारणे या शहराच्या हद्दीत एकत्र नांदताना दिसतात. दृष्टी जाण्याचा दोष सहसा वयाला दिला जातो, परंतु ती कोणाची आणि किती लवकर जाईल, हे बऱ्याच अंशी माणसाच्या कामावरून व मिळकतीवरून ठरते.

उघड्यावर काम करणाऱ्यांच्या डोळ्यांवर सूर्यप्रकाशातील अतिनील किरण थेट पडतात आणि खालूनही परावर्तित होऊन येतात. कोरडी वाळू अशा किरणांपैकी सुमारे १५ टक्के परत फेकते. वर्षानुवर्षे ऊन, वारा आणि धूळ सोसलेल्या डोळ्यात पांढऱ्या भागावरून बुबुळाकडे मांस वाढू लागते, तर आतील भिंगावर मोतीबिंदू, म्हणजे भिंगाचा गढूळपणा, लवकर धरण्याची शक्यता वाढते. भिंगाच्या गाभ्यातील प्रथिने जन्मभर तीच राहतात, त्यामुळे त्यांना झालेली इजा साठत जाते. म्हणूनच गावाकडे अर्धे आयुष्य चुलीच्या धुरात काढून मुलांकडे राहायला आलेल्या वृद्ध स्त्रीच्या घरी आज गॅस असला, तरी त्या धुराचा परिणाम तिच्या डोळ्यातून पुसला जात नाही. तंबाखूचे धूम्रपान आणि मधुमेह हेही मोतीबिंदूला हातभार लावतात.

कारखान्यातील धोका मात्र क्षणात घडतो, आणि त्याची उपेक्षा सर्वांत जास्त होते. धातू घासताना किंवा पॉलिश करताना उडालेला कण बुबुळाच्या पारदर्शक आवरणात रुततो. तो सहकाऱ्याने रुमालाच्या टोकाने किंवा काडीने काढला की जखमेत जंतू वा बुरशी शिरते, व्रण होतो, आणि तो भरला तरी मागे जो पांढरा डाग उरतो त्याला लोक डोळ्यात फूल पडणे म्हणतात. संरक्षक चष्मा हा साधा उपाय असला, तरी दमट हवेत त्याच्या काचांवर वाफ धरते, काम मंदावते, आणि जिथे मजुरी नगावर मिळते तिथे कामगार तो काढून ठेवतो. त्याला निष्काळजी म्हणणे अन्यायाचे आहे, कारण ही निवड मजुरीच्या पद्धतीने त्याच्यावर लादलेली असते. त्यातच औषधाच्या दुकानातून सल्ल्याविना आणलेले स्टेरॉइडचे थेंब लाली तात्पुरती घालवतात. पण बुरशीचा संसर्ग त्यांनी फोफावतो आणि दीर्घकाळ वापरल्यास डोळ्यातील दाब वाढून काचबिंदू, म्हणजे दृष्टिचेतातंतूची हळूहळू होणारी हानी, ओढवू शकते.

देशाने या क्षेत्रात बरेच साधले आहे. १९७६ पासून अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम चालू आहे, आणि संसर्गाने पापण्या आतून खरवडणाऱ्या खुपऱ्या या रोगाचे सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून भारतातून निर्मूलन झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये मान्य केले. तरीही २०१५ ते २०१९ या काळातील राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशी ओलांडलेल्यांपैकी १.९९ टक्के लोक अंध आढळले आणि त्यांतील सुमारे दोन तृतीयांश अंधत्वाचे कारण मोतीबिंदू, म्हणजे एका छोट्या शस्त्रक्रियेने सुटणारा आजार, हेच निघाले. शस्त्रक्रिया उपलब्ध असूनही माणूस तिच्यापर्यंत पोचत नाही, कारण तपासणीसाठी एक खाडा, शस्त्रक्रियेसाठी आणखी काही, आणि सोबतीला येणाऱ्या माणसाचीही मजुरी बुडते. घरातील स्त्रीची पाळी तर सर्वांच्या शेवटी येते.

नवा धोका याहून गुप्तपणे वाढतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे. वाढलेल्या साखरेने डोळ्यामागील दृष्टिपटलाच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या झिरपू लागतात, मात्र डोळा दुखत नाही आणि प्रारंभी दिसणेही कमी होत नाही. रुग्णाला अंधुक दिसू लागेपर्यंत बरेच नुकसान झालेले असते. पहाटेच्या लोकलने मुंबईला जाऊन रात्री परतणाऱ्या मधुमेह्याने केवळ डोळ्यांसाठी वेगळा दिवस काढावा, ही अपेक्षा व्यवहारात टिकत नाही. त्यामुळे जिथे रक्तातील साखर तपासली जाते, तिथेच त्याच भेटीत दृष्टिपटलाचे छायाचित्र वर्षातून एकदा घेण्याची सोय हवी, आणि तिच्या वेळा कामावरून परतणाऱ्यांना सोयीच्या असायला हव्यात.