गाडीचे फायबर पॅनल : सहज उघडावे, पण वाऱ्याने उडू नये

महामार्गावर गाडीचे बॉनेट अचानक उघडून समोरच्या काचेवर आपटले तर चालवणाऱ्याला पुढचे काहीच दिसत नाही. तेच पॅनल पूर्ण सुटून मागे उडाले, तर मागून दुचाकीवर येणाऱ्यांच्या जिवावर बेतू शकते. कारखान्यातून तयार होऊन आलेल्या गाडीत ही काळजी कंपनीने घेतलेली असते. पण सुटे भाग आणून स्वतः जुळवलेल्या किट कारमध्ये, जीपवर बसवलेल्या फायबरच्या टपात किंवा मुलांनी कॉलेजच्या स्पर्धेसाठी बनवलेल्या गाडीत ती तुम्हालाच घ्यावी लागते. आणि ही सगळी सुरक्षितता शेवटी येऊन थांबते ती काही रुपयांच्या नट-बोल्टवर.

किट कारची हौस तशी जुनी. १९५७ मध्ये आलेली ब्रिटनची लोटस सेव्हन सुट्या भागांच्या रूपातही विकली जायची, कारण तयार गाडीवरचा खरेदी कर सुट्या भागांना लागत नसे. त्याच सेव्हनच्या धाटणीची, फायबरच्या बॉडीची चिंकारा रोडस्टर आपल्या महाराष्ट्रात, अलिबागजवळ कार्लेखिंड येथे हाताने बांधली गेली. फायबरचे आकर्षण समजण्यासारखे आहे. ते हलके असते, गंजत नाही, साच्यातून हवा तो आकार घेते आणि त्यासाठी पत्रा दाबणाऱ्या अवाढव्य मशीनची गरज नसते. पण ते चौकटीला जोडताना पत्र्याची सवय विसरावी लागते.

फायबर म्हणजे पत्रा नव्हे

पत्र्यावर जोर पडला की तो वाकतो. फायबर वाकून तसेच राहत नाही, एका मर्यादेनंतर तडकते. म्हणून इथे बहुतेक वेळा बोल्ट तुटत नाही, बोल्टच्या भोवतीचे फायबर फाटते. तुम्ही कितीही दणकट बोल्ट आणला तरी जोर एका लहानशा भोकावरच पडत असेल तर उपयोग नाही.

यातून तीन साधे नियम निघतात. पहिला, आटे नेहमी धातूत असावेत, फायबरमध्ये नकोत. सेल्फ टॅपिंग स्क्रू फायबरमध्ये थेट पिळला तर पहिल्या दिवशी घट्ट वाटतो, पण चार-पाच वेळा काढला-बसवला की आटे जातात. दुसरा, जोर पसरवा. बोल्टच्या डोक्याखाली मोठ्या व्यासाचा वॉशर हवाच. तिसरा, पॅनलला थोडे हलायला जागा ठेवा.

वारा किती ओढतो?

ताशी १०० किलोमीटर वेगाला वाऱ्याचा दाब १ चौरस मीटरवर सुमारे ४७ किलो वजनाइतका असतो. ताशी ६० ला तो सुमारे १७ किलो भरतो. म्हणजे वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. त्यामुळे गल्लीत फेरी मारताना घट्ट वाटलेले पॅनल महामार्गावरही टिकेल असे समजू नका. त्यात खड्डे आणि इंजिनची थरथर यांची भर पडते, आणि थरथरीने नट हळूहळू ढिले होतात.

उन्हाचा विचार का करावा?

आता जयपूरच्या सीकर रोडवरचे विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्र डोळ्यांसमोर आणा. स्थानिक लोक त्याला व्हीकेआय म्हणतात. क्रमांकांनी ओळखले जाणारे रस्ते आणि दोन्ही बाजूंना लहान-मोठे कारखाने. मे महिन्यात जयपूरचे तापमान ४० अंशांच्या वर जाते आणि उन्हात उभ्या गाडीचे गडद पॅनल त्याहून कितीतरी जास्त तापते. हिवाळ्यातल्या पहाटे तेच पॅनल थंडगार असते.

तापमानात ५० अंशांचा फरक पडला तर १ मीटर लांबीचे साधे फायबर पॅनल सुमारे दीड मिलीमीटर वाढते. त्याखालची लोखंडी चौकट मात्र जेमतेम ०.६ मिलीमीटर वाढते. पॅनल सगळीकडून करकचून आवळलेले असेल तर हा जवळपास १ मिलीमीटरचा फरक जाणार कुठे? तो भोकाच्या कडेला तडा पाडतो. म्हणून एम६ बोल्टसाठी फायबरमध्ये ८ मिलीमीटरचे भोक ठेवा. एकाच टोकाचा बोल्ट नेमक्या मापाचा असू द्या, बाकीच्या ठिकाणी सैल भोक, मोठा वॉशर आणि शक्य तिथे रबरी बुश वापरा.

अलिबागसारख्या समुद्रकाठी प्रश्न वेगळा असतो. तिथे खारी हवा साध्या लोखंडी बोल्टला लवकर गंजवते. त्यामुळे दुसऱ्या शहरातल्या मित्राने सुचवलेला बोल्ट तुमच्या गाडीला चालेलच असे नाही.

आधी स्वतःला हे प्रश्न विचारा

दुकानात जाण्यापूर्वी प्रत्येक पॅनलपुढे उभे राहून ठरवा. हे किती वेळा उघडायचे आहे? रोज, महिन्यातून एकदा की वर्षातून एकदा? ते सुटले तर काय होईल? आणि पॅनलच्या मागच्या बाजूला पान्यासह हात पोहोचतो का? या उत्तरांवरून निवड सोपी होते.

* वर्षातून एकदा उघडणारे पॅनल, उदा. मडगार्ड : एम६ बोल्ट, दोन्ही बाजूंना मोठे वॉशर आणि नायलॉक नट. नायलॉक नटमधली नायलॉनची कडी आटे धरून ठेवते. मात्र प्रत्येक वेळी काढल्यावर तिची पकड कमी होते, म्हणून पुन्हा बसवताना नवा नट घ्या. सायलेन्सरच्या अगदी जवळ तो वापरू नका, उष्णतेने नायलॉन मऊ पडते.

* मागे हात पोहोचत नसेल तर : रिव्हेट नट. विमानाच्या पंखांवर रबरी आवरण बसवण्यासाठी १९३० च्या दशकात तो शोधला गेला. पण तो लोखंडी चौकटीत बसवा, फायबरमध्ये नव्हे. फायबरमध्ये तो फुगताना भोक तडकवतो, नाहीतर जागेवरच फिरत राहतो.

* कमी जोर असलेले छोटे पॅनल, उदा. डॅशबोर्डखालचे झाकण : रबरी नट. रबराच्या नळीत पितळी नट असतो आणि बोल्ट आवळला की रबर मागे फुगते. थरथर शोषली जाते, फायबरलाही त्रास होत नाही.

* वरचेवर उघडणारे पॅनल : पाव फेरीत उघडणारा फास्टनर. स्क्रू ड्रायव्हरने ९० अंश फिरवला की मोकळा. विल्यम झूस यांनी १९३० च्या दशकात तो बनवला आणि विमानांमुळे तो जगभर पोहोचला. याचा मोठा फायदा असा की खाच कोणत्या दिशेला आहे हे पाहून तो लागलाय की नाही ते लगेच कळते. खाचेच्या रेषेत पॅनलवर रंगाची खूण केली तर लांबूनही दिसेल. घेताना पॅनल आणि चौकट यांची एकत्र जाडी मोजून न्या, कारण तो ठरावीक जाडीसाठीच बनलेला असतो.

* बॉनेट : एकाच कडीवर कधीच विसंबू नका. तयार गाडीतही मुख्य कडी सुटली तर धरून ठेवणारी दुसरी कडी असते, ती याचसाठी. शक्य असेल तर बिजागरी पुढच्या बाजूला ठेवा. मग कडी सुटली तरी वारा बॉनेटला खाली दाबतो, वर उचलत नाही.

चुंबक आणि चिकटपट्टीवाले वेल्क्रो गाडीच्या आतल्या हलक्या झाकणांपुरतेच ठेवा. बाहेरच्या पॅनलसाठी ते नकोत.

भोक पाडण्याआधी

घाई इथेच नडते. जागेवर चिकटपट्टी लावा, मागे लाकडाचा तुकडा धरा आणि धारदार बिटने आधी लहान, मग मोठे भोक पाडा. भोकाचा मध्य कडेपासून बोल्टच्या व्यासाच्या किमान तिप्पट लांब असावा, म्हणजे एम६ साठी १८ मिलीमीटर. भोकाच्या आतल्या कडेला रेझिनचा हात द्या, नाहीतर तंतूंमधून पाणी आत शिरते.

निमुळत्या डोक्याचा स्क्रू टाळा. तो पाचरीसारखा शिरतो आणि फायबर फाडतो. सपाट तळाच्या डोक्याचा बोल्ट बरा. आवळताना वॉशरखालचे फायबर दबायला लागण्याआधीच थांबा.

फायबरची धूळ त्वचेला खाजवते आणि श्वासातून जाणे वाईट. एन९५ मास्क, चष्मा, पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला. लहान मुलांना त्या वेळी लांब ठेवा आणि जागा ओल्या कापडाने पुसा.

दुकानात काय मागाल?

मुंबईची नागदेवी स्ट्रीट असो, कोल्हापूरचे उद्यमनगर असो वा तुमच्या गावातले हार्डवेअर दुकान, नुसते ‘स्टीलचे बोल्ट द्या’ म्हणू नका. स्टेनलेस बोल्टच्या डोक्यावर ए२-७० असे कोरलेले असेल तर तो ३०४ प्रकारातला, कोरड्या प्रदेशात पुरेसा. समुद्रकाठी ए४ म्हणजे ३१६ प्रकार मागा. डोक्यावर काहीच खूण नसेल तर महत्त्वाच्या जागी तो लावू नका.

दोन गोष्टी लक्षात असू द्या. स्टेनलेसचे नट आणि बोल्ट आवळताना एकमेकांत अडकून बसू शकतात, म्हणून आट्यांना अँटी सीझ पेस्ट लावा आणि सावकाश फिरवा. चौकट ॲल्युमिनियमची असेल तर खाऱ्या ओलाव्यात स्टेनलेसच्या संपर्कामुळे ॲल्युमिनियम झिजते. मध्ये नायलॉनचा वॉशर घाला.

कायदाही बघा

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील मूळ उत्पादकाच्या तपशिलाशी जुळणार नाहीत असे बदल गाडीत करता येत नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केले. म्हणून जुन्या गाडीच्या सांगाड्यावर नवी बॉडी चढवण्याचा विचार असेल, तर खर्च करण्यापूर्वी आरटीओत चौकशी करा.

निघण्याआधी दोन मिनिटे

पॅनल बसवल्यावर प्रत्येक नट आणि बोल्टवर मिळून रंगाची एक सरळ रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली की नट फिरला आहे हे समजा. पहिल्या ५० किलोमीटरनंतर सगळे पुन्हा तपासा आणि पुढे महिन्यातून एकदा. हे काम घरातल्या मुलांना द्या, त्यांची नजर तीक्ष्ण असते आणि त्यांना ते आवडतेही. निघण्याआधी गाडीभोवती एक फेरी मारा, प्रत्येक पॅनलची कड हाताने ओढून बघा. ते जागचे हलले नाही तर खुशाल निघा.