'लेबाइल' म्हणजे नुसतं 'अस्थिर' नव्हे

पीएचडीसाठी पेपर वाचायला लागलात की एक विशेषण वेगवेगळ्या विषयांत भेटत राहतं: लेबाइल. शब्दकोशात 'अस्थिर' असा अर्थ सापडतो, आपण तो समासात लिहितो आणि पुढे जातो. पण 'अनस्टेबल'चाही अर्थ तोच लिहिलेला असतो. मग एकाच वाक्यात दोन्ही शब्द आले की काय करायचं?

आधी मूळ बघू. लॅटिनमधल्या 'घसरणे' या अर्थाच्या क्रियापदापासून हा शब्द आला. लॅप्स आणि कोलॅप्स हे त्याचेच भाऊबंद. म्हणून मला 'निसरडा' हा शब्द जास्त जवळचा वाटतो. निसरड्या जागी उभा असलेला माणूस पडेलच असं नाही, पण जागेवरून हलायला त्याला फारसं काही लागत नाही.

हा फरक सगळ्यात स्वच्छ दिसतो तो रसायनशास्त्रात. हेन्री टाऊबे यांनी १९५२ साली धातूंच्या संयुग आयनांचे लेबाइल आणि इनर्ट असे दोन गट पाडले (त्यांना १९८३ चं नोबेल मिळालं). कसोटी साधी होती: २५ अंश सेल्सिअसला, ०.१ मोलर द्रावणात, साधारण मिनिटभरात अभिक्रिया उरकली तर लेबाइल. म्हणजे प्रश्न वेगाचा आहे. स्टेबल-अनस्टेबल हा प्रश्न ऊर्जेचा.

आता दोन उदाहरणं बघा. कोबाल्टला सहा अमोनिया जोडलेला आयन आम्लात टाकला तर ऊर्जेच्या हिशेबाने तो तुटायलाच हवा. समतोल स्थिरांक १० च्या २५ व्या घाताच्या आसपास, तोही तुटण्याच्या बाजूने. तरी खोलीच्या तापमानाला तो कित्येक दिवस तसाच राहतो. अनस्टेबल, पण इनर्ट! उलट निकेलला चार सायनाइड जोडलेला आयन अतिशय स्टेबल, स्थिरांक १० च्या ३० व्या घाताच्या घरात. पण द्रावणात किरणोत्सारी कार्बनवाला सायनाइड घाला, साधारण ३० सेकंदांत निम्म्या सायनाइडची अदलाबदल झालेली असते. स्टेबल, तरीही लेबाइल. 'संयुग स्टेबल आहे, म्हणून लेबाइल नाही' असं वाक्य प्रबंधात गेलं, तर तोंडी परीक्षेत परीक्षक तिथेच थांबवणार.

मातीवर काम करणाऱ्यांचा लेबाइल थोडा वेगळा. मातीत एकूण फॉस्फरस भरपूर असू शकतो, पण पीक मुळांनी पाणी-द्रावणातला फॉस्फरस ओढतं तेव्हा जो चटकन सुटून ती जागा भरतो, तो लेबाइल फॉस्फरस. किती चटकन, हे तुम्ही कोणतं द्रावण वापरून तो काढलात यावरही ठरतं. चुनखडीयुक्त, अल्कधर्मी मातीत ओल्सेनची सोडियम बायकार्बोनेटची पद्धत वापरतात, पण दुसऱ्या पद्धतीने काढलेला आकडा तिच्या आकड्याशेजारी ठेवून तुलना करता येत नाही. इथे पद्धतीचं नाव न देता नुसतं 'लेबाइल' लिहिणं म्हणजे अर्धी माहिती.

मेंदूविज्ञानातला वापर मला सगळ्यात सुंदर वाटतो. २००० साली नेडर, शेफ आणि लेडू यांनी उंदरांना एका आवाजाची भीती शिकवली. नंतर तोच आवाज ऐकवून आठवण जागी केली आणि लगेच मेंदूच्या अमिग्डालात प्रथिननिर्मिती रोखणारं औषध दिलं. ती भीती पुढे टिकली नाही. आठवण जागी न करता औषध दिलं, तेव्हा मात्र भीती शाबूत राहिली. म्हणजे पक्की झालेली आठवण आठवताना काही काळ पुन्हा लेबाइल होते. इथे लेबाइल हा कायमचा गुण नाही, ती एक अवस्था आहे.

डॉक्टर 'लेबाइल' रक्तदाब म्हणतात तेव्हा त्यांना फक्त वारंवार वरखाली होणारा दाब म्हणायचा असतो. आणि 'व्होलाटाइल'ची यात गल्लत नको: प्रयोगशाळेत त्याचा अर्थ पटकन वाफ होणारं, शेअरबाजारात भावाची जोरदार चढउतार.

तेव्हा वाचताना समासात 'अस्थिर' ऐवजी तीन गोष्टी लिहा: काय हलतंय, कशामुळे हलतंय, किती वेळात. पेपरमध्ये उत्तर सापडत नसेल, तर पद्धतींचा भाग पुन्हा वाचा, बहुतेकदा तिथेच असतं.

जाता जाता उच्चार. 'लेबाइल' बरोबरच आहे, पण काही अमेरिकन वक्ते तो जवळजवळ 'लेबल'सारखा करतात. ऑनलाइन सेमिनारमध्ये 'लेबल कार्बन' ऐकू आलं तर लगेच समस्थानिकांकडे धावू नका, आधी स्लाइडवरचं स्पेलिंग बघा.